युरोपला माल पाठवता? उत्पादनाच्या डिजिटल पासपोर्टची तयारी अशी करा

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये चार मशिनांवर पैठणीची जॅकेटं आणि स्टोल शिवून जर्मनीला पाठवणारी माझ्या ओळखीची एक ताई आहे. दिवाळीनंतर तिला खरेदीदाराचा मेल आला, ‘डिजिटल पासपोर्टची तयारी कुठवर आली?’ हा पासपोर्ट म्हणजे वस्तू कशाची आणि कुठे बनली याची ऑनलाइन नोंद, वस्तूवरचा कोड स्कॅन केला की दिसणारी. तिने लगेच क्यूआर कोड छापणाऱ्याला फोन लावला. म्हटलं, थांब. कोड हे शेवटचं काम आहे, आणि सगळ्यात सोपं.

नाशिककराला ही कल्पना नवी नाही. युरोपला जाणारी द्राक्षं ‘ग्रेपनेट’ या निर्यातीच्या ऑनलाइन नोंदणीत असलेल्या बागेतूनच जातात आणि पेटीवरून माग थेट प्लॉटपर्यंत लागतो. तेच आता जॅकेटचं होणार.

आधी बघा, नियम तुम्हाला लागतो का

हा पासपोर्ट आणणारा युरोपीय संघाचा नवा इकोडिझाइन कायदा (वस्तू टिकाऊ आणि पर्यावरणाला कमी घातक असाव्यात म्हणून केलेला) १८ जुलै २०२४ पासून अमलात आहे. खाद्यपदार्थ त्यातून वगळलेत, म्हणजे बेदाणे आणि वाइनवाल्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. बाकीच्यांसाठी वस्तूगणिक वेगळा उपनियम येईल. पहिल्या यादीत कपडे, फर्निचर, गाद्या, टायर, पोलाद आणि ॲल्युमिनियम आहे. कपड्यांचा उपनियम २०२७ मध्ये अपेक्षित आहे आणि तो आल्यावर साधारणपणे किमान १८ महिन्यांची मुदत मिळते. बॅटरीचा कायदा वेगळा: ई-वाहनांच्या, ई-बाइकच्या आणि २ किलोवॅट-तासांवरच्या औद्योगिक बॅटऱ्यांना १८ फेब्रुवारी २०२७ पासून पासपोर्ट लागेल. अंबड-सातपूर या नाशिकच्या औद्योगिक वसाहतींमधल्या पुरवठादारांनी ही तारीख भिंतीवर लावावी.

एकच वस्तू घ्या आणि उसवा

सगळा कॅटलॉग घेऊन बसलात तर आठवड्यात कंटाळाल. सगळ्यात जास्त खपणारा एक नग घ्या. आम्ही शिलाई बिघडलेलं एक जॅकेट उसवलं आणि वरचं कापड, अस्तर, फ्युजिंग (कापडाला ताठपणा देणारा आतला चिकट थर), बटणं, दोरा असं एकेक स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवलं. ‘पैठणी जॅकेट’ म्हणून विकतो त्यात पैठणी निम्मीसुद्धा भरली नाही! अस्तराच्या बिलावर नुसतं ‘सिल्क मिक्स’ लिहिलेलं. त्याचा धागा जाळला तर वितळून कडक गुठळी झाली. खरं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. हे पॉलिस्टर होतं. घरची परीक्षा संशय घ्यायला पुरते. लेबलावर टक्के छापायचे तर कापड प्रयोगशाळेचा अहवालच हवा.

पुरवठादाराला नेमकं विचारा

खरी मेहनत इथे आहे. रेशीम बंगळुरूचं, जरीचा धागा सुरतेचा, विणकर येवल्याचा, रंगारी आणखी तिसरा. ‘कम्प्लायन्सची माहिती द्या’ असा मेल टाकलात तर कुणी उत्तर देणार नाही. व्हॉट्सॲपवर साध्या मराठीत लिहा: ‘दादा, या लॉटला कुठला रंग वापरला? डब्यावरच्या लेबलचा फोटो पाठवता का?’ लेबल मिळालं की रंगाच्या कंपनीकडून सुरक्षा माहितीपत्रक (रंगात कुठली घातक रसायनं आहेत ते सांगणारा कागद) मागता येतं.

रंगाची चौकशी पासपोर्टसाठी थांबवू नका. अंगाला लागणाऱ्या कापडात काही ॲझो रंगांतून (कृत्रिम रंगांचा एक प्रकार) सुटणारी अमाइन्स नावाची घातक रसायनं किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या वर नकोत, हा युरोपचा नियम आजही लागू आहे. पैठणीच्या जीआय (भौगोलिक) मानांकनाचा इथे उपयोग नाही. ते कापडाचं मूळ सांगतं, रंगात काय आहे ते सांगत नाही.

लॉटची वही

प्रत्येक लॉटला नंबर द्या आणि तो आतल्या टॅगवर शिवा. एक्सेलमध्ये एका ओळीत लॉट नंबर, कापड-अस्तर-दोऱ्याची बिलं, रंगाऱ्याचं नाव, कटिंगची तारीख, नगांची संख्या आणि पाठवणीचं इन्व्हॉइस. बिलांचे फोटो त्याच नंबराच्या फोल्डरमध्ये. धुण्याच्या आणि दुरुस्तीच्या सूचनाही आताच लिहून ठेवा, जरीचा धागा काळा पडला तर काय करायचं यासकट.

खरेदीदाराशी लेखी बोला

पासपोर्ट कोण तयार करणार, तुम्ही की आयातदार? माहिती कुठल्या नमुन्यात हवी? शिवाय १३ डिसेंबर २०२४ पासून ग्राहकाला विकायच्या वस्तूसाठी युरोपातल्या जबाबदार व्यक्तीचं नाव-पत्ता द्यावा लागतो. ते नाव कुणाचं, हेही त्याच मेलमध्ये विचारा.

मग कोड

जीएस१ इंडिया या बारकोड नंबर देणाऱ्या संस्थेकडून ८९० ने सुरू होणारे नंबर घेता येतात. कोडमधली लिंक शक्यतो स्वतःच्या वेबसाइटच्या पत्त्यावरून न्या. ‘आजच पासपोर्ट काढून देतो’ म्हणणाऱ्यांशी तीन वर्षांचा करार करू नका. कपड्यांचा उपनियमच आलेला नाही, तर पासपोर्ट कशाचा काढणार? करार करायचाच झाला तर एक विचारा: आम्ही सोडून गेलो तर आमची माहिती एक्सेलमध्ये परत मिळेल का?

ताईच्या रंगाऱ्याने फोटो पाठवला तो तिसऱ्यांदा आठवण करून दिल्यावर. लेबल अर्धं फाटलेलं होतं. उरलेल्या अर्ध्यावर बॅच नंबर दिसत होता, तेवढा तिने उतरवून घेतला.