जास्त वजनाच्या चालकासाठी माउंटन बाइकची स्वस्त आयात कार्बन फ्रेम: काय पाहून घ्यावी

फ्रेम किती हलकी, हा प्रश्न शेवटी. आधी विचारा: वजनाची मर्यादा किती आणि ती कशाची? काही विक्रेते नुसतं चालकाचं वजन सांगतात, काही सायकल, पाणी, सामान सगळं धरून. १०० किलोचा चालक, १२ किलोची सायकल, ५ किलोचं सामान म्हणजे ११७ किलो. एकूण मर्यादा १२० असेल तर ही फ्रेम सोडून द्या; निदान १५ किलोची मोकळीक हवी. उत्तर लेखी घ्या, वॉरंटीच्या वेळी तेच कामाला येतं.

‘आयएसओ ४२१० पास’ (सायकलच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) एवढ्यावर विसंबू नका. त्यात माउंटन बाइकच्या फ्रेमवर पेडलच्या जागी १,२०० न्यूटनचा जोर एक लाख वेळा देतात, चालक ६० किलोचा असो वा ११०. ११० किलोचा माणूस एका पेडलवर नुसता उभा राहिला तरी सुमारे १,०८० न्यूटन होतात. चढावर हँडल ओढत उभ्याने पेडल मारलं की आणखी जास्त. म्हणून अहवाल मागवा आणि त्यावरचं मॉडेल तुम्ही घेताय तेच आहे का ते पाहा. याहून जास्त जोरावर चाचणी केली असेल तर उत्तमच.

टी७००, टी८०० ही कार्बन धाग्याची नावं. कुठे किती थर आहेत, रेझिन (धागे चिकटवणारा राळेसारखा पदार्थ) नीट बसलं की आत पोकळ्या राहिल्या, हे त्यातून कळत नाही. एकाच साच्यातून हलकी आणि साधी अशा दोन आवृत्त्या निघत असतील तर साधीच घ्या. वाचलेले २०० ग्रॅम म्हणजे अर्धी बाटली पाणीसुद्धा नाही.

बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस फिरतो तो भाग) आट्यांचा, बीएसए प्रकारचा ७३ मिमी, असावा. प्रेसफिटचं, म्हणजे आट्यांशिवाय दाबून बसवायच्या ब्रॅकेटचं, भोक जरा जरी वाकडं असलं तरी जोरात पेडल मारताना करकर सुरू होते. मागच्या चाकाचा एक्सल १२×१४८ मिमी, हेड ट्यूब (फोर्क बसतो ती पुढची नळी) टेपर्ड, म्हणजे खाली रुंद. मागे १८० मिमीची ब्रेक डिस्क बसते का तेही विचारा. जड चालकाला १६० अपुरी पडते.

सीटपोस्ट (सीटचा दांडा) ३०.९ किंवा ३१.६ मिमी जाडीचा बरा. तो फार बाहेर काढला की तरफेसारखा जोर पडून सीट ट्यूबचं (दांडा शिरतो त्या नळीचं) टोक तडकतं. म्हणून दोन साइझच्या मध्ये असाल तर, पोहोच जमत असल्यास, मोठी घ्या आणि सीटपोस्टचं टोक टॉप ट्यूबच्या (वरच्या आडव्या नळीच्या) जोडाखाली जाऊ द्या. फोर्कचंही तसंच: ठरवून दिलेल्यापेक्षा लांब फोर्क हेड ट्यूबवरचा ताण वाढवतो, आणि तिथली तडक चालकाला थेट तोंडावर पाडते.

फ्रेम आली की जोडणीआधीच तपासा, कारण पार्ट चढवलेली फ्रेम परत घ्यायला विक्रेते खळखळ करतात. टॉर्च लावून हेड ट्यूब आणि बॉटम ब्रॅकेटच्या आत पाहा: सुरकुत्या, सुटलेला थर, अडकलेलं प्लॅस्टिक. सगळीकडे नाण्याने हलकेच ठोका. शेजारच्या जागेपेक्षा एकाच ठिकाणी आवाज बद्द आला तर संशय घ्या. डिश अचूक असलेलं, म्हणजे रिम बरोबर मधोमध असलेलं, चाक बसवून दोन्ही चेनस्टेपासूनचं (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्यांपासूनचं) अंतर मोजा. फोटो काढून ठेवा.

सीटपोस्टला ग्रीस नको, कार्बन पेस्ट लावा. त्याचा क्लॅम्प टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर दाखवणाऱ्या पान्याने), छापलेल्या आकड्यापर्यंतच आवळा, बहुधा ५ न्यूटन-मीटर. डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर टांगायचा तुकडा) यूडीएच, म्हणजे सर्वत्र चालणाऱ्या एकाच प्रमाणित आकाराचा, नसेल तर फ्रेमसोबतच दोन जादा मागवा, नंतर तोच आकार मिळणं कठीण.