घरातला कुत्रा म्हातारा झाला की

बेल वाजली की सगळ्यांच्या आधी दाराशी पोचणारा कुत्रा एक दिवस जागचा उठत नाही. घरातले म्हणतात, "वय झालंय आता त्याचं," आणि विषय तिथेच संपतो. तो संपू देऊ नका. न उठण्याची कारणं वेगवेगळी असतात: सांधे दुखतात, फरशीवर पाय सरकतो, किंवा बेल ऐकूच येत नाही. या तिन्हींवर करण्यासारखं पुष्कळ असतं. कुत्र्याला म्हातारपणीही तुमच्या पायाशीच बसायचं असतं. तिथपर्यंत त्याला पोचता यावं, एवढ्यासाठी घर थोडं बदलावं लागतं.

लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डसारखी मोठी कुत्री सातव्या-आठव्या वर्षीच उतरणीला लागतात. छोट्या जातींचं आणि आपल्या गावठी कुत्र्यांचं म्हातारपण साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास सुरू होतं. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून एकदा तरी रक्त-लघवीची चाचणी करून घ्या. "आता कशाला" म्हणून रेबीजची लस थांबवू नका.

सुरुवात फरशीपासून

औषधांच्या आधी फरशीकडे बघा. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय दोन्हीकडे फाकतात. दोनदा पडला की तो त्या वाटेनं जाणंच सोडतो, आणि घरच्यांना वाटतं आळशी झालाय. न चालल्यानं मांडीचे स्नायू आणखी झडतात, मग पडणं वाढतं. हे चक्र फरशीपाशीच तोडता येतं.

त्याच्या रोजच्या वाटा बघा: झोपायची जागा ते पाण्याचं भांडं, तिथून दार, दारापासून तुमचा सोफा. या वाटांवर खाली रबर असलेल्या पट्ट्या, जुन्या योगा मॅट किंवा एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चौकटी सलग अंथरा. मध्ये हातभर जरी उघडी फरशी राहिली, तरी तो तिथेच थबकतो. सतरंजी वापरणार असाल तर खाली न सरकणारी रबरी जाळी घाला, नाहीतर सतरंजीसकट घसरेल. पाण्याच्या भांड्याखालची चटई मोठी घ्या, कारण प्यायला वाकताना पुढचे पाय सरकतात. भांडं मानेला ताण न देणाऱ्या उंचीवर, छोट्या पाटावर ठेवलं तरी चालतं.

मग पंजे. चालणं कमी झालं की नखं झिजत नाहीत. ती फरशीवर टकटक वाजायला लागली म्हणजे लांब झाली. पंजा वर उचलला जातो, पकड सुटते आणि मनगटावर ताण येतो. दर दोन-तीन आठवड्यांनी एक-दोन मिलिमीटर कापा. काळ्या नखात रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून पातळ चकत्या काढत जा आणि कापलेल्या भागाच्या मध्यावर गडद ठिपका दिसला की थांबा. रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लॉर लावून दोन-तीन मिनिटं दाबून धरा. पंजाखालच्या गाद्यांच्या मधले केसही बोथट टोकाच्या कात्रीनं गाद्यांच्या पातळीला आणा.

दुखणं ओळखायचं कसं

सांध्यांच्या जुनाट दुखण्यात कुत्रा सहसा विव्हळत नाही. तो उठताना आधी पुढचं धड उचलतो आणि मागचं ओढतो. जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबतो. एकाच मनगटाला सारखं चाटतो. पाठीवर हात फिरवला की कातडी थरथरते. लहान मुलानं मिठी मारल्यावर कधी न गुरगुरणारा कुत्रा गुरगुरला, तर त्याला ओरडू नका, डॉक्टरांकडे न्या. मुलांना सांगा: झोपलेला असताना अंगावर जायचं नाही, आधी नाव घ्यायचं, मग मानेच्या बाजूला हात लावायचा.

घरातली माणसांची दुखण्याची गोळी मात्र कधीही देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकनं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही धोक्याचं आहे. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामकं असतात. ती सुरू करण्याआधी यकृत आणि मूत्रपिंडांची रक्तचाचणी लागते आणि ती भरल्या पोटी द्यायची असतात. औषध चालू असताना उलटी झाली किंवा शी डांबरासारखी काळी झाली, तर पुढची मात्रा न देता फोन करा.

उचलताना एक हात छातीपुढून आणि दुसरा मांड्यांच्या मागून घाला. नुसतं पोटाखाली धरून उचललं की सगळा भार कण्यावर येतो. जड कुत्र्यासाठी जुनी सुती साडी चार पदरी घडी करून मागच्या पायांच्या जरा पुढे पोटाखालून घ्या आणि दोन्ही टोकं वर धरा. त्याला लटकवायचं नाही, फक्त आधार द्यायचा. नराला त्याच पट्ट्यानं लघवीची अडचण होते, तेव्हा पट्टा थोडा पुढे सरकवा. गाडीसाठी फळीचा उतार करणार असाल तर दोन फूट उंचीला किमान सहा फूट लांबी ठेवा आणि वर काथ्याची चटई ठोका. सोसायटीत लिफ्टवरून वाद होत असेल, तर भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना दाखवा: पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारता येत नाही आणि त्यासाठी वेगळे पैसेही आकारता येत नाहीत.

फिरणं बंद करू नका, त्याचे तुकडे करा. चाळीस मिनिटांच्या एका फेरीऐवजी बारा-पंधरा मिनिटांच्या तीन. एकाच झाडाचा पाच मिनिटं वास घेत उभा राहिला तर राहू द्या. कान-डोळे मंदावले तरी नाक बहुधा शेवटपर्यंत साथ देतं, आणि त्याच्यासाठी फिरणं म्हणजे मुख्यतः तेच. उन्हाळ्यात डांबरावर तळहात पाच सेकंद टेकवता येत नसेल तर परत फिरा.

रविवारची वही

एक वही ठेवा. आठवड्यातून एकदा चार नोंदी पुरतात.

वजन: कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा आणि स्वतःचं वजन वजा करा, मोठ्या कुत्र्याला महिन्यातून एकदा दवाखान्याच्या काट्यावर न्या. खाणं तेच असून वजन उतरत असेल तर थांबू नका.

श्वास: गाढ झोपेत असताना छाती वर-खाली झाली की एक. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला तीसपेक्षा जास्त आकडा पुन्हा पुन्हा येत असेल, तर हृदय किंवा फुप्फुसांची तपासणी लगेच करून घ्या. धाप लागलेली असताना किंवा उकाड्यात मोजलेला आकडा धरू नका.

पाणी: सकाळी मोजून भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. दिवसाला किलोमागे 100 मिलीच्या वर, म्हणजे वीस किलोचा कुत्रा दोन लिटरच्या पुढे जायला लागला, की मूत्रपिंड, मधुमेह किंवा हार्मोनचा बिघाड तपासावा लागतो. घरात लघवी होते म्हणून पाणी तोडणं ही सगळ्यात वाईट चूक आहे. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्यानं जीवावर बेतू शकतं.

हिरड्या: बोटानं दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. फिक्या हिरड्या आणि गडद लघवी दिसली तर गोचिडांचा ताप असू शकतो.

खाणं

दूध-पोळीवर कुत्रा जगतो, पण म्हातारपणी स्नायू टिकवायला त्यात पुरेसं प्रथिन नसतं, आणि बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना दुधानं जुलाब होतात. अंडं, चिकन किंवा मासे ठेवा, भात-पोळी कमी करा. मूत्रपिंडाचा आजार निघाला तरच प्रथिनं आणि फॉस्फरस डॉक्टरांच्या सांगण्यानुसार बदला. नवं अन्न सात दिवसांत थोडं थोडं वाढवत आणा. फोडणीतला कांदा-लसूण, चॉकलेट आणि प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे या घराघरात होणाऱ्या चुका आहेत. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडांना घातक ठरतात. गोळी उकडलेल्या बटाट्याच्या किंवा पनीरच्या गोळ्यात दडवा: आधी एक रिकामा गोळा, मग औषधाचा, लगेच तिसरा रिकामा.

रात्री

रात्री दोन वाजता घरभर चकरा, कोपऱ्यात अडकून उभं राहणं, दाराच्या बिजागरीच्या बाजूनं बाहेर जायचा प्रयत्न, ही मेंदू थकल्याची लक्षणं असू शकतात. आधी दुखणं, लघवी आणि डोळे तपासून घ्या. मग शेवटची फेरी अकराच्या सुमारास, वाटेत मंद दिवा, आणि सामानाची जागा अजिबात बदलू नका. डोळ्यांतली निळसर झाक वयानं येते आणि त्यातून बऱ्यापैकी दिसतं. पांढरा डाग म्हणजे मोतीबिंदू असू शकतो. बहिऱ्या कुत्र्याला नाकाजवळ हात नेऊन उठवा.

अंथरूण चार इंची फोमचं, वर धुता येईल असा अभ्रा. ते बाल्कनीत टाकू नका. माणसं जिथे बसतात तिथे ठेवा, आणि रात्री एखाद्याच्या खोलीत. माणसांचा वास आणि श्वास जवळ असला की चकरा पुष्कळदा कमी होतात. जो उठूच शकत नाही त्याला दर चार तासांनी कूस बदलून द्या, नाहीतर कोपरांवर आणि खुब्यावर जखमा होतात.

पुढचं दिसलं तर सकाळ उजाडायची वाट बघू नका: पोट फुगलंय आणि ओकारी येते पण काही पडत नाही, नसबंदी न झालेली मादी माजानंतर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिते आणि मलूल होते, किंवा कुठल्याही कुत्र्याची लघवी पूर्ण बंद झाली. अचानक मान तिरकी होऊन गोल फिरायला लागला तर तोही दवाखान्याचा प्रसंग, पण घाबरून लगेच शेवटचा निर्णय घेऊ नका. तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा हा झटका म्हाताऱ्या कुत्र्यांना येतो आणि बरेचदा तीन दिवसांत उतार पडायला लागतो. मोठ्या तपासण्यांसाठी परळचं मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय, सातारा जिल्ह्यातलं शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांचे दवाखाने आहेत.

निरोपाची वेळ

हा निर्णय एका वाईट रात्री घेऊ नका आणि एका चांगल्या सकाळीमुळे ढकलूही नका. पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टी उपयोगी पडते. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांहून चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण. बेरीज 35 च्या वर असेल तर सांभाळत राहता येतं. घरातल्या प्रत्येकानं वेगवेगळे गुण द्यावेत आणि मग एकत्र बसावं. जो रोज त्याची लघवी पुसतो आणि जो फक्त रविवारी भेटतो, त्यांचे आकडे फार वेगळे निघतात.

डॉक्टर घरी येऊ शकतात का ते आधीच विचारून ठेवा. आधी गुंगीचं इंजेक्शन मागा, म्हणजे तो तुमच्या मांडीवर झोपी जातो. त्यानंतरचं इंजेक्शन त्याला कळत नाही. डोळे उघडे राहतात, एखादा खोल श्वास आल्यासारखा होतो, लघवी सुटते. मुलं जवळ असतील तर त्यांना हे आधी सांगा आणि "झोपवलं" हा शब्द वापरू नका, कारण लहान मूल मग स्वतःच्या झोपेला घाबरतं. "तो मेला, आता त्याला दुखणार नाही" असं सरळ सांगावं. अंथरुणाखाली प्लास्टिक आणि वर त्याची नेहमीची चादर घाला. दहनाची सोय शहरात कुठे आहे, गाडी कोण आणेल, पैसे किती, हे फोन त्या दिवसाच्या आधी झालेले असावेत. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला देहाचा वास घेऊ द्या, आणि त्या संध्याकाळीही त्याच्या फिरण्याची वेळ चुकवू नका.