ऑल-सीझन परफॉर्मन्स टायर: टायरला दोष देण्याआधी या चुका टाळा

नवे हाय-परफॉर्मन्स ऑल-सीझन टायर बसवले की काही महिन्यांत ठरावीक तक्रारी सुरू होतात. आवाज वाढला, पावसात पकड गेली, आतली कड झिजली, स्टिअरिंग थरथरतं. लगेच निष्कर्ष निघतो की टायरच खराब निघाले. प्रत्यक्षात अशा बहुतेक वेळा टायरमध्ये दोष नसतो. हवा चुकीची असते, टायर चुकीच्या जागी बसवलेला असतो किंवा अलाइनमेंट बघायची राहून गेलेली असते.

हा टायर नेमका कशासाठी असतो ते आधी समजून घ्या. त्याची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, साध्या टायरपेक्षा कडक असते, म्हणून स्टिअरिंग फिरवताच गाडी चटकन वळते आणि त्याच कारणाने खड्डा जास्त जाणवतो. स्पीड रेटिंग बहुधा एच, व्ही किंवा डब्ल्यू असतं, म्हणजे अनुक्रमे ताशी २१०, २४० आणि २७० किमी. समर टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसखाली कडक व्हायला लागतं. ऑल-सीझनचं मिश्रण त्याच्याही खाली बऱ्यापैकी लवचीक राहतं. त्या बदल्यात कडक उन्हातल्या कोरड्या रस्त्यावर तो चांगल्या समर टायरइतका घट्ट धरत नाही आणि बर्फात विंटर टायरची बरोबरी करत नाही. ही तडजोड मान्य असेल तर रोजच्या वापराला हा टायर फार चांगला आहे. मात्र निष्काळजीपणा त्याला साध्या टायरपेक्षा लवकर भोवतो.

टायरवरचा आकडा बघून हवा भरणे

सर्वात जास्त दिसणारी आणि सर्वात सहज टाळता येणारी चूक हीच. साइडवॉलवर ५० किंवा ५१ पीएसआय छापलेलं असतं आणि ती शिफारस समजून लोक तिच्या जवळपास हवा भरतात. तो आकडा टायरची कमाल मर्यादा सांगतो. तुमच्या गाडीला किती हवा हवी, हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तिथे ३३ लिहिलं असेल तर ३३च. त्याच स्टिकरवर बहुतेकदा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो. पाच माणसं आणि सामान घेऊन निघताना तो वापरायचा, हे फार थोडे लोक पाळतात. हवा जास्त झाली की टायर मध्यभागी फुगतो, मधली नक्षी आधी जाते आणि खडबडीत रस्त्यावर चाक उडत राहतं.

दुसरी चूक याहून वाईट आहे, कारण ती करणाऱ्याला आपण काळजी घेतोय असं वाटतं. महामार्गावर तासभर चालवून गाडी पंपावर येते. टायर तापलेले असतात, त्यामुळे सकाळचे ३३ आता ३७-३८ दाखवतात. मालक म्हणतो, "जास्त झालीय, काढा." पंपावरचा मुलगा ३३वर आणून ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये २८-२९च उरतात. पुढच्या काही आठवड्यांत ऋतू बदलतो आणि तापमान १५ अंशांनी उतरतं. दर साडेपाच अंशांमागे साधारण १ पीएसआय जातो, म्हणजे आणखी ३ कमी. वर धडधाकट टायरमधूनही महिन्याला १-२ पीएसआय आपोआप झिरपतच असते. आता टायर २५वर आहे आणि डॅशबोर्डवरचा दिवा लागलेला नाही. ज्या यंत्रणा शिफारशीपेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर इशारा देतात, त्या ३३ची शिफारस असताना २५च्याही खाली गेल्यावरच बोलतात. दिवा लागला नाही म्हणजे हवा बरोबर आहे, असं समजणं म्हणूनच चुकीचं आहे.

कमी हवेत नक्की काय बिघडतं? टायरच्या दोन्ही कडा जास्त दाबल्या जातात आणि मधला भाग आत ओढला जातो. खाचांमधून पाणी बाहेर पडायला वाट कमी मिळते. १९६३ मध्ये नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरवरून एक सोपं सूत्र दिलं होतं: टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. त्या सूत्राने ३३ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे ९६ किमी येतो आणि २५ला सुमारे ८३. कारच्या टायरला रुंदी, नक्षी आणि झीज यांचा हिशेब वेगळा लागतो, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. दिशा मात्र तीच राहते. महागडा टायर घ्यायचा आणि आठ पीएसआय हवा नसल्यामुळे त्याची पावसातली पकड गमवायची, याला काही अर्थ नाही.

माझी सवय अशी: गाडीत स्वतःचं गेज ठेवायचं आणि महिन्यातून एकदा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजायचं. टायर थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली. पंपापर्यंत जाण्यात टायर तापणार असेल, तर घरीच मोजून कोणत्या चाकात किती कमी आहे ते लिहून घ्यायचं आणि तिथे तेवढीच वाढवायची. घरी २९ असतील आणि पंपावर ३१ दिसले, तर ३५ करायची. तापलेल्या टायरमधून हवा काढायची नाही, कधीच नाही. नायट्रोजन भरल्यावर मोजायची गरज राहत नाही, हा समजही सोडा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि थंडीत त्याचाही दाब उतरतो.

दोन नवे टायर पुढे बसवणे

या एका बाबतीत दुकानदार, मेकॅनिक आणि मालक तिघेही आत्मविश्वासाने चुकतात. इंजिन पुढे, ओढणारी चाकं पुढे, ब्रेकचा जोर पुढे, म्हणून नवे टायरही पुढे. ऐकायला पटतं, पण नवी जोडी मागेच बसवायची असते, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी.

नवे पुढे बसवल्यावर अपघात कसा घडतो ते टप्प्याटप्प्याने बघा. पुढे नवे टायर, ८ मिमी खोल खाचांचे. मागे जुने, अडीच मिमी उरलेले. कोरड्या रस्त्यावर काहीच जाणवत नाही, उलट गाडी आधीपेक्षा चांगली वळते, म्हणून भरवसा वाढतो. मग जोराचा पाऊस येतो. रस्ता लांबट वळणाचा, वेग ताशी ९०. पुढचे टायर पाणी कापून घट्ट धरतात आणि स्टिअरिंगमधून हाताला सगळं ठीक असल्याचा निरोप मिळतो. मागचे त्याच पाण्यावर तरंगायच्या बेतात असतात, पण ते सांगणारं हातात काहीच नसतं. वळण जरा जास्त आवळतंय असं वाटून चालक ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतो. वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचं शेपूट बाहेर पडतं. घाबरून ब्रेक दाबला की गाडी स्वतःभोवती फिरते.

पुढचे टायर आधी घसरले असते, तर गाडी सरळ गेली असती. पाय उचलल्यावर वेग उतरला असता आणि पकड परत आली असती. साध्या चालकाला ते सावरता येतं. मागून घसरलेली गाडी सावरायला उलट दिशेने, योग्य मापात आणि एका क्षणात स्टिअरिंग द्यावं लागतं. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल मदत करतं, पण तेही एखाद्या चाकाला ब्रेक लावूनच काम करतं. चाक पाण्यावर असेल तर त्या ब्रेकने फारसं काही साधत नाही.

दुकानात "नवे मागे, मागचे पुढे" असं स्पष्ट सांगा आणि काम होईपर्यंत तिथे थांबा. याहून चांगला उपाय म्हणजे ही वेळच येऊ न देणं. दर ८,००० ते १०,००० किमीला चाकं फिरवली, म्हणजे त्यांच्या जागा आपसात बदलल्या, की चारही टायर सोबत झिजतात आणि चारही एकदमच बदलता येतात. एकाच दिशेने फिरायचा बाण असलेला टायर त्याच बाजूला पुढे-मागे करायचा. असममित नक्षीचा टायर दुसऱ्या बाजूलाही नेता येतो, फक्त 'आउटसाइड' छापलेली बाजू बाहेर राहिली पाहिजे. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असतील तर ही अदलाबदल जमत नाही.

चारही चाकांना जोर जाणाऱ्या गाडीत तर अर्धा संच बदलणं आणखी धोक्याचं. २०५/५५ आर १६ मापाच्या टायरचा घेर सुमारे १,९८५ मिमी असतो. नक्षीत ३ मिमीचा फरक पडला की घेर जवळपास १९ मिमीने कमी होतो आणि झिजलेलं चाक दर किलोमीटरला सुमारे पाच फेरे जास्त फिरतं. हा फरक पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या मधल्या कपलिंगला अखंड सोसावा लागतो. किती फरक चालतो ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा.

आवाज आला की बेअरिंग बदलणे

ही तक्रार बहुधा मागच्या चाकांची असते. १५-२० हजार किमीनंतर घुं-घुं आवाज सुरू होतो आणि वेगासोबत चढतो. बेअरिंग बदललं जातं, आवाज तसाच राहतो. मग दुसऱ्या बाजूचं बेअरिंग बदललं जातं.

आधी हात लावून बघा. गाडी बंद करून तळवा टायरच्या नक्षीवरून एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, तर नक्षीचे ठोकळे तिरके झिजले आहेत. मागच्या चाकांवर वजन कमी, टो (चाकाचा आत किंवा बाहेर असलेला तिरकेपणा) किंचित बिघडलेला आणि चाकं कधीच न फिरवलेली, या तिन्हीतून हे होतं. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की आवाज बदलतो, तो टायरचा. मोकळ्या रस्त्यावर हलकेच डावी-उजवीकडे वळवल्यावर एका बाजूला आवाज वाढतो आणि दुसऱ्या बाजूला मंदावतो, तो बेअरिंगचा. करवत फार झाली नसेल तर ते टायर पुढे नेल्यावर काही हजार किलोमीटरमध्ये आवाज उतरतो. फार झाली असेल तर टायर बदलेपर्यंत तो राहणार, त्यात घाई करून उपयोग नाही.

याच्या मुळाशी जो टो असतो, त्याचा हिशेब लक्षात ठेवा. चाक फक्त ०.१ अंश तिरकं असलं तरी दर किलोमीटरला ते सुमारे पावणेदोन मीटर आडवं घासलं जातं. दहा हजार किलोमीटरमध्ये हे साडेसतरा किलोमीटर होतात. गाडी टायर खाते म्हणतात, ते बहुतेकदा यामुळेच. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागून घ्या. कागद देत नाहीत तिथे काम करू नका. मोठ्या खड्ड्यात चाक आदळलं किंवा सस्पेन्शनचं काम झालं की अलाइनमेंट पुन्हा तपासायचीच.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटवर पैसे घालण्याआधी पुढची दोन चाकं आपसात बदलून बघा, बाणाचा टायर नसेल तर. ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरचा. थरथर ताशी ८० ते ११०च्या दरम्यान येत असेल तर बॅलन्सिंग बघा: स्टिअरिंगमध्ये जाणवली तर बहुधा पुढची चाकं, सीटमध्ये जाणवली तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर टायरला हात लावू नका, डिस्क तपासा.

एम प्लस एस वाचून बर्फात जाणे

एम प्लस एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही टायरवरची खूण नक्षीच्या रचनेवरून दिली जाते. तिच्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण ही खूण असेल तरच तो टायर बर्फावरच्या चाचणीतून गेलेला असतो, आणि ती चाचणीही दाबलेल्या बर्फावरची, काचेसारख्या गोठलेल्या थरावरची नव्हे. बऱ्याच हाय-परफॉर्मन्स ऑल-सीझन टायरवर ही दुसरी खूण नसते. रस्ते नियमित गोठत असतील तर चार विंटर टायर घ्या. चारही चाकांना जोर जाणारी गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

ट्रेडवेअरचा (टायर किती टिकेल याचा) ५०० आकडा बघून टायर घेणं: तो निर्माता स्वतः देतो, दोन वेगळ्या ब्रँडमध्ये त्याची तुलना फसवी ठरते.

१.६ मिमीची कायदेशीर पट्टी दिसेपर्यंत थांबणं: पावसासाठी ३ मिमीला, बर्फासाठी ४ मिमीला बदला.

तारीख न बघणं: साइडवॉलवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा.

साइडवॉलचं पंक्चर काढून घेणं: करू नका. दुरुस्ती फक्त नक्षीच्या भागात, ६ मिमीपर्यंतच्या भोकाला, टायर रिमवरून उतरवून आतून पॅच आणि प्लग एकत्र लावून. बाहेरून घुसवलेली दोरी फक्त दुकानापर्यंत पोहोचण्यासाठी.

नवे टायर घातल्या दिवशी जोरात वळणं घेणं: साच्यातून सुटण्यासाठी लावलेला थर घासून जायला काही शे किलोमीटर लागतात. पहिले ५०० किमी शांतपणे चालवा.

इम्पॅक्ट गनने नट आवळून मोकळं होणं: पुस्तिकेतला टॉर्क बघा, बऱ्याच कारमध्ये तो १०० ते १२० न्यूटन-मीटर असतो. समोरासमोरचे नट आलटून-पालटून, टॉर्क रेंचने आवळा आणि ८०-१०० किमी चालल्यावर पुन्हा एकदा तपासा.