गिरण्या बंद पडलेल्या शहरात कामाला कुठून लागावे : सोलापूरच्या अनुभवावरून

सोलापुरात 1877 साली पहिली कापडगिरणी, म्हणजेच आजही लोकांच्या तोंडी असलेली ‘जुनी मिल’, उभी राहिली आणि नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडल्यावर मोठ्या गिरण्यांचे युग जवळपास संपले. अशा शहरात सार्वजनिक काम सुरू करणाऱ्याने पहिली गोष्ट ही करावी, की नवी मोठी गिरणी येईल या आशेवर कोणतीही योजना आखू नये. जे कसब आणि जी माणसे अजून शहरात आहेत, त्यांच्यापासूनच सुरुवात करावी.

संपूर्ण शहर हाती घेऊ नये. एखादी पेठ किंवा पूर्व भागातील दोन-तीन गल्ल्या पुरेशा आहेत. तिथे कोणाकडे किती यंत्रमाग चालू आहेत, किती भंगारात गेले, जकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, चादरीचे डिझाइन बसवणारे कारागीर कोण आहेत, विड्या वळणाऱ्या घरांतील मुली आता कोणते शिवणकाम करतात, याची नोंदवही करावी. ही विचारपूस मराठीतच झाली तर अर्धी माहिती हाती लागणार नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरात तेलुगू बोलली जाते, शेजारच्या वस्तीत कन्नड किंवा उर्दू. म्हणून त्या भाषा बोलणारा सोबती पहिल्या दिवसापासून बरोबर असावा आणि सभेची सूचनाही त्या भाषांत निघावी.

त्यानंतर एकच गरज निवडावी, आणि ती अशी असावी की पूर्ण झाली की नाही हे कोणालाही डोळ्यांनी पाहता येईल. ‘रोजगार वाढवणे’ ही अशी गरज नव्हे. घर ही आहे. विडी कामगार महिलांनी लाल बावट्याच्या संघटनेतून, माकपचे माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली, नेमकी हीच मागणी लावून धरली. सोलापूरजवळच्या कुंभारी येथे कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने 10,000 घरांची वसाहत उभी राहून 2006 मध्ये घरे ताब्यात मिळाली. पुढे त्याच परिसरातील रे नगरच्या 30,000 घरांच्या प्रकल्पाची पायाभरणी 2019 मध्ये झाली आणि त्यांपैकी 15,000 घरे जानेवारी 2024 मध्ये सुपूर्द झाली. केंद्र आणि राज्य या दोघांचे अनुदान आणि कामगाराचा स्वतःचा हिस्सा, अशी पैशांची विभागणी होती. मला यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा शेवटचा हिस्सा, कारण ज्याने स्वतःच्या मजुरीतून पैसे भरले तो मोर्चालाही येतो आणि हिशेबही विचारतो. तेव्हा वर्गणी लहान ठेवावी, परंतु माफ करू नये, आणि जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लिहावा.

संस्था नोंदवायची असल्यास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार प्राथमिक संस्थेसाठी साधारणतः वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान 10 सभासद लागतात. मात्र नोंदणीची घाई नको. सहा महिने नियमित बैठका झाल्याशिवाय निबंधकांच्या कार्यालयाची पायरी चढू नये.

बंद गिरणीच्या जागेविषयी अफवा फार असतात. मालकी, आरक्षण आणि थकबाकी यांविषयी महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. सर्वसाधारणपणे 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. गिरणीची चिमणी, म्हणजे धुराडे, जतन करावी की नाही, हा वाद मात्र इतक्यात अंगावर घेऊ नये. त्यात भावना खऱ्या असतात, पण त्याच वादात मंडळे फुटतात.

शेवटचा मुद्दा पुण्याला गेलेल्यांचा. हुतात्मा एक्स्प्रेसने ये-जा करणाऱ्या या मुलांकडे बहुतेक मंडळे देणगी मागतात. त्याऐवजी मालाची मागणी, म्हणजे ऑर्डर, मागावी. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तरीही त्यांच्या नावावर बाहेरचा स्वस्त माल खपतो. आपल्या गृहसंकुलासाठी किंवा कंपनीच्या वसतिगृहासाठी एकगठ्ठा टॉवेल थेट विणकराकडून घेणारा एक माणूस, वर्षातून एकदा पावती फाडणाऱ्या दहा जणांपेक्षा उपयोगी पडतो. पहिली मागणी लहान घ्यावी, नमुना आधी पाठवावा, आणि विणकराला सुतापुरती रक्कम आगाऊ मिळेल असे लेखी ठरवावे.