नायटा, कोंडा, भेगा, नखुरडं: औषध लावायचं कसं आणि थांबवायचं कधी

त्वचा, केस आणि नखं यांच्या नेहमीच्या तक्रारींना फार औषधं लागत नाहीत. तरी तोच नायटा, तोच कोंडा पुन्हा पुन्हा उगवतो. बहुतेक वेळा औषध बरोबर असतं, पण ते कमी जागेवर लावलं जातं, कमी वेळ ठेवलं जातं किंवा खाज थांबली की बंद केलं जातं.

नायटा

गोल चट्टा, कड लालसर आणि किंचित उठलेली, मधला भाग त्यामानाने साफ. असं दिसलं तर बहुधा बुरशी. ती कडेवर जोमात असते आणि कडेच्या बाहेर, डोळ्यांना न दिसणाऱ्या भागातही पसरलेली असते. म्हणून मलम फक्त चट्ट्याच्या मधोमध लावून उपयोग नाही.

जागा धुवून पूर्ण कोरडी करा. क्लोट्रिमाझोल 1 टक्का मलम चट्ट्याच्या कडेपलीकडे 2 सेंटिमीटरपर्यंत, बाहेरून आत असं चोळून लावा. तर्जनीच्या टोकाच्या पेरावर ट्यूबमधून पिळलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. दिवसातून 2 वेळा लावा. चट्टा दिसेनासा झाल्यावरही 2 आठवडे चालू ठेवा, म्हणजे एकूण 4 आठवडे तरी धरून चला. हे शेवटचे 2 आठवडे गाळले की नायटा बऱ्याचदा परततो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही असेल तर ते नायट्यावर स्वतःच्या मनाने लावू नका. खाज दोन दिवसांत थांबते, कारण स्टेरॉइड दाह दाबतं. बुरशी मात्र आतल्या आत पसरत राहते. चट्ट्याचं रूपही इतकं बदलतं की डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड जातं. जांघेत तर कातडी पातळ होऊन कायमचे वळ पडू शकतात. असं मलम आधीच बरेच दिवस लावलं असेल तर ते बंद केल्यावर काही दिवस लाली आणि खाज उसळते. त्याला घाबरून पुन्हा तीच ट्यूब हातात घेऊ नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

टॉवेल वेगळा ठेवा, आतले कपडे रोज बदला. घरात आणखी कुणाला खाज असेल तर दोघांचे उपचार एकाच वेळी सुरू करा, नाहीतर नायटा एकमेकांकडे फिरत राहतो. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या असतील तर कपडे घालताना आधी मोजे चढवा, मग चड्डी. उलट केलं तर पायाची बुरशी कापडाला लागून जांघेत पोचते. चिखल्यांवरही क्लोट्रिमाझोलचं मलम चालतं, फक्त बोटांच्या बेचक्या रोज टिपून कोरड्या करायला हव्यात. डोक्यातला आणि नखातला नायटा मात्र मलमाने जात नाही. त्याला बहुधा पोटातून गोळ्या लागतात, त्याही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

कोंडा

टाळूवर राहणारी मॅलेसेझिया नावाची यीस्ट (एक प्रकारची बुरशी) टाळूच्या तेलावर जगते आणि कोंड्यात तिचाच मोठा हात असतो. म्हणजे कोंडा झाला म्हणून डोक्याला तेल चोपडणं हे तिला खाऊ घालणं आहे. खपल्या तेलाने चिकटून बसतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, इतकंच.

केटोकोनाझोल 2 टक्के शाम्पू वापरा. डोक्याला तेल असेल तर आधी साध्या शाम्पूने काढा. मग भांग पाडत पाडत औषधी शाम्पू टाळूला लावा. केसांच्या लांबीला त्याची गरज नाही. घड्याळ लावून 5 मिनिटं ठेवा आणि धुवा. लगेच धुतलं तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. आठवड्यातून 2 वेळा, 4 आठवडे. त्यानंतर 1 ते 2 आठवड्यांतून एकदा, कारण कोंडा आटोक्यात राहतो, कायमचा जात नाही. जाड, चंदेरी खपल्या कपाळावर उतरत असतील तर तो सोरायसिस असू शकतो, तो तपासून घ्या.

केस गळण्याचं खापरही कोंड्यावर फुटतं. मोठा ताप किंवा बाळंतपण झाल्यावर 2-3 महिन्यांनी भरपूर केस गळू शकतात. हे गळणं बहुधा काही महिन्यांत आपोआप कमी होतं.

टाचांच्या भेगा

तळपायाला तेलग्रंथीच नसतात. तिथली जाड कातडी कोरडी पडली की शरीराच्या वजनाने फाटते. त्यामुळे नुसतं घासून भागत नाही, ओलावा आत धरून ठेवावा लागतो.

कोमट पाण्यात 10 मिनिटं पाय ठेवा. प्युमिस दगड हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवा. आठवड्यातून 2 वेळा पुरे. गुलाबी कातडी दिसायच्या आत थांबा, जास्त घासलं की कातडी आणखी जाड होऊन येते. पाय टिपून घ्या आणि 3 मिनिटांच्या आत, कातडी ओलसर असतानाच, 10 ते 25 टक्के युरिया असलेलं क्रीम लावा. वरून सुती मोजे घालून झोपा. क्रीम मात्र रोज लावायचं. भेगेतून रक्त येत असेल तर दगड आणि युरिया दोन्ही थांबवा. पेट्रोलियम जेली लावून पट्टी बांधा आणि भेग बुजू द्या. ब्लेडने कातडी कधीच कापू नका. मधुमेह असेल तर पाय भिजवणं, घासणं दोन्ही घरी करू नका; पायाची जाणीव कमी झालेली असू शकते आणि मग जखम झाल्याचं कळतही नाही.

मुरुम

बेन्झॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्क्यांपासून सुरू करा. 10 टक्क्यांचं जेल जास्त जळजळ करतं, गुण मात्र फारसा जास्त देत नाही. पातळ थर, एकाआड एक दिवस, पूर्ण मुरुमाच्या भागाला लावा, एकेका फोडावर ठिपके नकोत. टॉवेल आणि उशीची खोळ पांढरी वापरा, रंग उडतो. फरक कळायला 8 ते 12 आठवडे लागतात.

नखं

नखाच्या कडेला लाल होऊन ठणकणारं नखुरडं सुरुवातीलाच कोमट पाण्यात 10-15 मिनिटं, दिवसातून 3-4 वेळा शेकलं तर बरेचदा बसतं. पू दिसला किंवा लाली बोटावर चढायला लागली तर डॉक्टरकडे जा. सुईने टोचू नका. नखाशेजारी सुटलेली सालपटं ओढायची नाहीत, कात्रीने कापायची; नखुरड्याची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते.

पायाच्या अंगठ्याचं नख सरळ कापा. कोपरे गोल केले की टोक मांसात रुततं.

हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याहून कमी. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला 12 ते 18 महिने लागतात, म्हणून नखाच्या बुरशीचे उपचार संपल्यावरही नख बराच काळ पिवळंच दिसू शकतं. मुळाशी स्वच्छ नख येतंय का ते पाहा. नखावर काळा डाग दिसला तर फोटो काढून ठेवा आणि महिन्याने ताडून बघा. मार लागून झालेला डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि मागे स्वच्छ नख दिसतं. तो जागेवरच राहिला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मुळापासून टोकापर्यंत नवी काळी रेघ उमटली असेल, ती रुंदावत असेल किंवा शेजारच्या कातडीवर उतरली असेल तर मात्र महिनाभरही थांबू नका.