अर्धी ग्राफिक नॉव्हेल एजंटकडे कधी पाठवावी?

मराठीत लेखक थेट प्रकाशकाकडे जातो. अमेरिका-ब्रिटनमधल्या मोठ्या प्रकाशनसंस्थांचं दार मात्र बहुतेक वेळा एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने पुस्तक प्रकाशकाला विकणारा मध्यस्थच उघडतो. नवख्याची गद्य कादंबरी त्याला पूर्ण लागते, ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांतून सांगितलेली कादंबरी, अर्धी चालते. कारण सरळ आहे: २०० पानं शाई-रंगासकट करायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि मग संपादकाने एक प्रसंग काढायला लावला की रंगवलेली बारा पानं वाया.

चित्रं अर्धी चालतात, गोष्ट नाही. लिहिणारे आणि काढणारे तुम्हीच असाल, तर शेवटापर्यंतची स्क्रिप्ट किंवा सगळ्या पानांची थंबनेलं, म्हणजे छोटी कच्ची रेखाटनं, हाताशी हवीत. शिवाय शेवट उघड सांगणारा एक-दोन पानी सारांश. उत्कंठा वगैरे इथे ताणू नका. फक्त लेखक असाल तर पूर्ण स्क्रिप्टशिवाय पाठवूच नका.

थंबनेलं जोडीजोडीने, डावं-उजवं पान शेजारी ठेवून बघा. इंग्रजी पुस्तकात गोष्टीतला धक्का उजव्या पानावर असेल, तर डावं वाचतानाच नजर तिकडे जाते. तो पान उलटल्यावर येणाऱ्या डाव्या पानावर न्या. त्यासाठी मध्ये एक पान वाढवलंत की पुढचे सगळे धक्के सरकतात, म्हणून ही डागडुजी शाईआधीच.

नमुन्याची १० ते २० पानं लेटरिंगसकट, म्हणजे फुग्यांतले संवाद लिहून, पूर्ण आणि सलग हवीत. नेमका आकडा एजंटच्या संकेतस्थळावर असतो, तोच पाळा. मारामारीचं एखादं देखणं पान कोणीही काढतं. ओट्याशी उभी दोन माणसं तीन पानं बोलताहेत, असा प्रसंग नमुन्यात घ्या. तिसऱ्या पानावर नायिकेचं नाक बदललं असेल, तर अजून थांबा.

ए-थ्री कागदावर काढलेलं पान ६ × ९ इंचांत छापून हातात धरा. फुगे वाचताना अडखळलात तर मजकूर छाटा. फुगा मोठा केला की चेहरा झाकला जातो.

एकदम पन्नास जणांना पाठवू नका. आधी पाच-सहा. सगळीकडून छापील नकार आला तर सोबतचं पत्र आणि पहिली पाच पानं दुरुस्त करून पुढचे पाच निवडा. वाचण्याचे पैसे मागणारा एजंट यादीतून खोडा. खरा एजंट पुस्तक विकल्यावर कमिशन घेतो, देशांतर्गत विक्रीवर साधारण १५ टक्के.