गीझरचे गरम पाणी लवकर संपते? झाकण उघडण्यापूर्वी पाण्याची वाट तपासावी

गीझर बिघडला असे ठरवण्यापूर्वी एक हिशेब मांडावा. १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापले असेल आणि नळाचे पाणी २० अंशांचे असेल, तर अंघोळीजोगे ४० अंशांचे पाणी सुमारे ३० लिटर, म्हणजे जेमतेम दीड बादली मिळते. डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीचे पाणी आणखी गार असल्याने तेवढेही मिळत नाही. हा बिघाड नव्हे.

दीड बादलीही भरत नसेल, तर थर्मोस्टॅटची, म्हणजे ठरावीक तापमानाला वीज तोडणाऱ्या भागाची, चकती कोणी उन्हाळ्यात खाली आणून ठेवली आहे का, ते पाहावे. त्यानंतर गीझरची टाकी पूर्ण गार असताना बटण लावून दिवा विझेपर्यंतचा वेळ मोजावा. २००० वॅटच्या कॉइलला १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला वीस-बावीस मिनिटे लागतात. दिवा आठ-दहा मिनिटांतच विझला, तर थर्मोस्टॅट वीज वेळेआधीच तोडतो आहे. पाऊण तास उलटूनही विझला नाही, तर कॉइलविषयी शंका घ्यावी.

दिवा वेळेवर विझतो आणि तरीही नळाला कोमट पाणी येते, या प्रकाराने मला एक अख्खा हिवाळा छळले. मी थर्मोस्टॅट बदलला, मग कॉइल बदलली आणि प्लंबरने २५ लिटरचा गीझर घेण्याचा सल्ला दिला, जो असल्या वेळी हमखास मिळतो आणि बहुधा चुकीचा असतो. एके दिवशी पाणी सुरू असताना गीझरच्या लाल खुणेच्या नळीला सहज बोट लागले, तर ती चटका बसण्याइतकी तापलेली आणि नळाचे पाणी मात्र कोमट! याचा अर्थ गीझर आपले काम चोख करत होता आणि गार पाणी वाटेत कुठेतरी गरम लाइनमध्ये शिरत होते.

याची खात्री करून घेणे सोपे आहे. एमसीबी, म्हणजे गीझरचा वीजपुरवठा तोडणारी कळ, बंद करून गीझरच्या निळ्या खुणेच्या, म्हणजे पाणी आत नेणाऱ्या नळीवरचा कॉक पूर्ण बंद करावा आणि बाथरूममधला बादलीचा गरम नळ उघडावा. नळीत उरलेले थोडे पाणी येऊन धार थांबली, तर लाइन ठीक आहे. धार चालूच राहिली, तर ते पाणी गीझरमधून येणे शक्यच नाही. ते एखाद्या मिक्सरमधून, म्हणजे गार-गरम पाणी मिसळणाऱ्या नळातून, उलटे येत आहे. गीझरमधून फिरून येणाऱ्या पाण्याचा दाब वाटेत कमी होतो आणि गच्चीवरच्या टाकीतून थेट येणाऱ्या गार पाण्याचा दाब जास्त राहतो, म्हणून झिजलेल्या मिक्सरमधून ते गरम लाइनमध्ये घुसते. प्रेशर पंप असेल तर अधिकच.

आता धार तशीच चालू ठेवून बेसिन, सिंक अशा प्रत्येक मिक्सरखालचा गरम बाजूचा अँगल कॉक (भिंतीलगतचा छोटा कॉक) एकेक करून बंद करावा. ज्या ठिकाणी धार थांबेल, तो मिक्सर दोषी. माझ्या घरी तो बेसिनचा एकदांडी नळ होता आणि त्याचे कार्ट्रिज, म्हणजे आतला पाणी मिसळणारा भाग, बदलताच प्रश्न मिटला. हँडशॉवर असेल, तर आणखी एक खोड तपासावी: वॉल मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून पाणी फक्त शॉवरच्या बटणाने थांबवले, तर मिक्सर नवाकोरा असूनही गार पाणी गरम लाइनमध्ये जाते. ही सवय घरातल्या सर्वांनी सोडावी.

गीझर नुकताच बसवला असेल, तर दोन्ही नळ्या उलट जोडल्या नाहीत ना, तेही पाहावे.

एवढे सगळे ठीक असेल, तरच गीझरची टाकी उघडावी. बोअरचे पाणी असलेल्या सोसायट्यांमध्ये कॉइलवर आणि थर्मोस्टॅटच्या नळीवर क्षारांचे पांढरे कवच चढते. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवल्यावर ते सुटते. ते सुरीने किंवा पटाशीने मात्र खरवडू नये, कारण एका ओरखड्याने कॉइल फुकट जाते. सर्व पुन्हा बसवल्यावर टाकी भरू द्यावी आणि गरम नळाला सलग धार लागल्यानंतरच एमसीबी वर करावा, अन्यथा कोरड्या टाकीत नवी कॉइलही पाहता पाहता जळते.